घोड्याला चकमक, पोटात वारा

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात योहान गॉटफ्रीड कोल्बे या जर्मन कारागिराने १७३५च्या सुमारास लंडनमध्ये घडवलेली एक बंदूक आहे. अक्रोडाचा दस्ता, त्यावर चांदीचे काम, लांब सरळ नळी आणि उजव्या बाजूला त्या काळच्या कोणत्याही श्रीमंती शिकारी बंदुकीवर असायची तशी चकमकीची कळ. पहिल्या नजरेला कुणीही म्हणेल, ही दारूची बंदूक. पण तिच्यात दारूचा कणही पडायचा नव्हता. दिसते ती नळी बाहेरची; तिच्या आत दुसरी, अरुंद नळी आहे. दोहोंमधल्या पोकळीत हवा दाबून भरायची, आणि ती भरण्याचा पंप दस्त्याच्या आत दडवलेला. चाप ओढला की क्षणभर झडप उघडते आणि कोंडलेला वारा गोळीला पुढे ढकलतो. धूर नाही, ज्वाळा नाही, बाराचा तो कानठळ्या बसवणारा आवाजही नाही.

अशा बंदुका युरोपातल्या अनेक शस्त्रसंग्रहांत आहेत, आणि त्यांच्याविषयी लिहिताना संग्राहक, लिलाववाले, कधी कधी अभ्यासकसुद्धा एक शब्द हमखास वापरतात : 'डिसगाइझ्ड'. म्हणजे वेषांतर केलेली, सोंग घेतलेली. माझे भांडण या शब्दाशी आहे. वस्तूला कोणते विशेषण लावायचे हा वरवर किरकोळ प्रश्न वाटेल; पण काचेच्या कपाटासमोर उभा राहणारा माणूस आधी चिठ्ठी वाचतो आणि मग वस्तू पाहतो, हे ज्याने संग्रहालयात एक दुपार घालवली आहे त्याला सांगायला नको. 'वेषांतर' हा शब्द वाचला की पाहणाऱ्याच्या मनात लगेच गुन्हा उभा राहतो. कुणाला फसवायचे होते? कुणाचा जीव घ्यायचा होता? तिथून पुढे ती चांदी, ते लाकूड, ती कळ सगळे पुरावे होऊन बसतात.

आपल्याकडे तर हवेची बंदूक हा शब्दच गांभीर्याने घेतला जात नाही. छर्‍याची बंदूक म्हणजे जत्रेत फळीवर लावलेले फुगे फोडायची वस्तू. त्यामुळे एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. अठराव्या शतकातल्या चांगल्या हवेच्या बंदुका खेळणी नव्हत्या. हेसे-डार्मश्टाटचा लांडग्राफ आठवा लुडविग हा शिकारीच्या वेडासाठी प्रसिद्ध असलेला जर्मन राजा हवेच्या बंदुकीने सांबराएवढ्या थोराड काळविटांची, म्हणजे तिकडच्या लाल हरणांची शिकार करीत असे. हे शस्त्र महागही होते. झडप हवाबंद बसवणे, नळीभोवतीची पोकळी गळणार नाही अशी जोडणे ही कामे साध्या बंदूककाराच्या आवाक्यातली नव्हती. ज्याला दारूची उत्तम बंदूक परवडत नव्हती त्याने हवेची घ्यावी असा प्रकार नव्हता. ज्याच्याकडे दारूच्या दहा उत्तम बंदुका होत्या तो अकरावी म्हणून ही घेत असे.

सोंगाचा मुद्दा नीट पाहायचा असेल तर जिथे खरोखरच सोंग आहे तिथे आधी गेले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हवेच्या काठ्या निघाल्या. दिसायला फिरायला जाताना हातात घ्यायची काठी. आत नळी, टाकी, झडप. पंपाने हवा भरायची, काठी रोखायची, बारीकशी कळ दाबायची. रस्त्याने जाणाऱ्याला कळूच नये की या सद्गृहस्थाच्या हातात शस्त्र आहे, हाच त्या घडणीचा हेतू. कॉनन डॉइलने १९०३ साली शेरलॉक होम्सला मेलेल्यांतून परत आणले ते 'दि एम्प्टी हाउस' या कथेत, आणि तिथल्या कर्नल मोरनच्या हातात हेच शस्त्र दिले : काठीसारखे दिसणारे, जुळवले की बंदूक होणारे, एका आंधळ्या जर्मन कारागिराने बनवलेले. मोरन हा हिंदुस्थानात नोकरी केलेला, वाघांचा शिकारी. हवेची बंदूक म्हणजे लपलेल्या मारेकऱ्याचे हत्यार ही समजूत सामान्य वाचकाच्या डोक्यात पक्की करण्यात या एका कथेचा वाटा, मला वाटते, सगळ्या शस्त्रसंग्रहांपेक्षा मोठा आहे.

आता काठी आणि कोल्बेची बंदूक शेजारी ठेवून पाहा. काठीचा आकार सांगतो, 'मी शस्त्र नाही.' कोल्बेच्या बंदुकीचा आकार सांगतो, 'मी शस्त्र आहे, आणि चांगल्या घराण्यातले आहे.' पहिली लपवते. दुसरी स्वतःला मिरवते. ती फार तर एवढेच लपवते की आपल्या पोटात दारू नसून वारा आहे. ज्याच्यावर बंदूक रोखली आहे त्याला या माहितीचा काय उपयोग? जनावराला तर नाहीच. मारेकऱ्याला आवाज न होणारे शस्त्र हवे असेल, पण ते बंदुकीसारखे दिसावे अशी त्याची इच्छा का असेल? दोन्ही वस्तूंना एकच विशेषण लावणारा अभ्यासक आकाराकडे पाहतच नाही, फक्त 'आतले वेगळे, बाहेरचे वेगळे' एवढे टिपून पुढे जातो.

हवेच्या बंदुकांवरचे दोन मान्यवर ग्रंथ म्हणजे एल्डन वुल्फ यांचा १९५८चा आणि डॅनिश अभ्यासक आर्ने हॉफ यांचा १९७२चा. दोन्हींशिवाय या विषयात पाऊल टाकता येत नाही. पण या परंपरेची मांडणी यंत्राची आहे : हवा कुठे साठवली, कशी दाबली, कशी सोडली. भात्याच्या बंदुका एका बाजूला, नळीभोवती टाकी असलेल्या दुसऱ्या बाजूला, खाली तांब्याचा गोळा लटकलेल्या तिसऱ्या, दस्त्यालाच टाकी केलेल्या चौथ्या. ही विभागणी उपयोगाची आहे यात शंका नाही. तिची अडचण एवढीच, की यंत्र हा आशय आणि बाकी सगळे सजावट असे तीत आपोआप ठरून जाते. वाङ्मयातही आपण हे पुष्कळ भोगले आहे. कवितेचा 'आशय' काढून झाला की उरलेल्याला अलंकार म्हणायचे.

कळीचेच पाहू. चकमकीच्या बंदुकीत काय होते? घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असते. घोडा मागे ओढला की आतली कमान ताणली जाते. चाप ओढला की घोडा सुटतो, गारगोटी समोरच्या पोलादी पात्यावर घासते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकावर पडतात, रंजकाची ज्योत कान्यातून आत जाते आणि नळीतली दारू पेटते. आता हवेच्या बंदुकीची गरज काय ते पाहा. टाकीची झडप आतल्या दाबाने घट्ट बसलेली असते. ती उघडायला जोराचा ठोका हवा. पण उघडी राहता कामा नये. राहिली तर सगळी हवा एकाच बाराला निघून जाईल. म्हणजे ठोका जोराचा, अगदी थोडका आणि दर वेळी सारखा हवा. असा ठोका देणारी यंत्रणा सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपात कुणाकडे तयार होती? बंदुकीची कळ करणाऱ्या कारागिराकडे. कमान, दात, चाप यांचा तो मेळ पिढ्यान् पिढ्या घासून गुळगुळीत झालेला. हवेची बंदूक करणाऱ्याने ती कळ उचलली, ठिणगी पाडायचे काम काढून घेतले आणि घोड्याच्या पडण्याला आतून झडपेशी जोडले. घोडा तसाच ओढायचा, चाप तसाच दाबायचा. पडणारा घोडा आता दारू पेटवत नाही, दार उघडतो.

म्हणजे या बंदुकीवरचा घोडा मुखवटा नाही. तो चालता अवयव आहे. तो काढून टाका, बंदूक मुकी होईल.

यात कारखान्याची सोयही आहे. नळी करणारा वेगळा, कळ करणारा वेगळा, लाकूड बसवणारा वेगळा, कोरीवकाम करणारा आणखी वेगळा अशी त्या धंद्याची वाटणी होती. लाकूडकाम करणाऱ्याचा हात ज्या आकाराच्या कळीसाठी खोबण पाडायला सरावला, त्याच आकाराची कळ त्याला दिली की काम चोख होते. नवीन यंत्रासाठी नवीन देह घडवायचा तर सगळ्यांनाच पुन्हा शिकवावे लागले असते. आणि वापरणाऱ्याचा हात? लहानपणापासून ज्याने बंदूक खांद्याला लावली त्याची मान, गाल, बोट यांना एक सवय झालेली असते. शस्त्राच्या बाबतीत सवय ही चैन नसते. हरिण तुमच्यासाठी थांबत नाही.

पण इथवर येऊन मी थांबलो तर माझ्या बाजूचा पुरावा तेवढा दाखवल्यासारखे होईल. कारण अशा पुष्कळ बंदुकांवर नुसता घोडा नसतो. गारगोटी घासायचे पोलादी पाते असते, रंजकाची वाटी असते. त्यांना काडीचेही काम नाही. रंजक नाही तर वाटी कशाला? एकाच कळीचा अर्धा भाग राबतो आणि अर्धा भाग नुसता बसून असतो. वेषांतरवाल्यांचा खरा आधार हा दुसरा अर्धा भाग आहे.

याचे एक उत्तर १८८९ साली हेन्री कॉली मार्च या इंग्रज डॉक्टराने तयार करून ठेवले. जुन्या साहित्यात गरजेपोटी आलेला तपशील नव्या साहित्यात निव्वळ नक्षी म्हणून उरतो, याला त्याने 'स्क्यूओमॉर्फ' असा शब्द बनवला. मराठी वाचकाला हे समजायला ग्रीक शब्दाची गरज नाही, पुण्याहून लोणावळ्याकडे गेले की पुरे. कार्ल्याच्या चैत्यगृहात डोंगर पोखरून केलेल्या छताला खऱ्या लाकडाच्या कमानी बसवलेल्या आहेत. छत कातळाचे आहे, ते पडणार नाही. कमानींवर कसलाही भार नाही. पुढे अजिंठ्याच्या एकोणिसाव्या आणि सव्विसाव्या लेण्यांत त्या कमानी दगडातच कोरल्या गेल्या. लाकडी चैत्याची आठवण दगडाने आपल्या अंगावर वागवली. आपल्याकडच्या बंदुकांचेही असेच. केपवाली ठासणीची बंदूक आल्यावरही हिंदुस्थानात कित्येक बंदुका जुन्या तोडेदार बंदुकीच्या बारीक, सरळ दस्त्याच्याच घडल्या. अजिंठ्याच्या कमानींना कुणी वेषांतर म्हणत नाही. दगडाने लाकडाचे सोंग घेऊन भिक्षूंना फसवले असे म्हणणे हास्यास्पद वाटेल. मग पोलादाच्या वाटीलाच तो आरोप का?

तरीही मला मार्चचे उत्तर पुरते पटत नाही. आठवण म्हणून राहिलेला तपशील सहसा झिजत जातो, ढोबळ होतो. कोरणाऱ्याला त्याचे मूळ काम ठाऊक नसते. या बंदुकांवरची रंजकाची वाटी तशी झिजलेली नाही. ती करणाऱ्याच्या शेजारच्या बाकावर त्याच दिवशी खऱ्या दारूच्या बंदुकीची वाटी घडत होती. दोन्ही गोष्टी एकाच काळात, एकाच गिऱ्हाइकाच्या घरात भिंतीवर एकमेकींच्या शेजारी टांगलेल्या. इथे भूतकाळाची आठवण नाही, शेजारणीशी बरोबरी आहे.

मला वाटते, उत्तर या बंदुका कुठे बाहेर काढल्या जात यात आहे. हवेला वजन आहे, हवेत बळ आहे, ही सतराव्या शतकातली थरारक बातमी होती. माग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिकेने दोन तांब्याचे अर्धगोल जुळवून आतली हवा काढली आणि घोड्यांच्या जोड्यांकडून ते ओढवून दाखवले. १६७२च्या त्याच्या ग्रंथात हवेच्या जोरावर गोळी फेकणाऱ्या यंत्राचेही वर्णन आहे. राजेरजवाड्यांच्या दालनांत शिंपले, घड्याळे, हस्तिदंती कातकाम यांच्याबरोबर हवेची बंदूक ठेवली जाई ती या कुतूहलापोटी. पाहुणा यायचा, यजमान भिंतीवरची बंदूक उतरवायचा. पाहुण्याला बंदूक ओळखीची. त्याचा कान बाराच्या आवाजासाठी आधीच आवळलेला, डोळे रंजकाच्या भडक्यासाठी किलकिले. घोडा पडतो. भडका नाही, धूर नाही, समोरच्या फळीला मात्र भोक. हा क्षण साधायचा तर बंदूक बंदुकीसारखीच दिसायला हवी, वाटीसकट. विचित्र आकाराच्या यंत्रातून गोळी निघाली तर नवल कसले? फसवणूक ही उघडी पडण्यासाठीच केलेली असेल, फसलेला माणूस हसून टाळी वाजवणार असेल, तर तिला वेषांतर म्हणता येत नाही. तो जादूगाराचा रिकामा हात आहे. त्यात चांदीचे कामही आपल्या जागी बसते : ते सांगते की ही करामत दाखवणारा कोणी फिरता जादूगार नाही, घरधनी आहे.

जर्मन भाषक मुलखात घरातल्या घरात नेमबाजी करायला ज्या भात्याच्या बंदुका वापरत, त्यांचा आनंद मात्र साधा होता. दस्त्यात चामड्याचा भाता आणि पोलादी कमानी. किल्लीने पिळायचे आणि मागे केसांचा झुपका लावलेले बाण मारायचे. दिवाणखान्यात धूर होत नाही, पडदे काळे पडत नाहीत. त्याही शिकारी रायफलीसारख्या दिसतात. तिथे मी कोणताही मोठा सिद्धान्त लावणार नाही. पावसाळ्यात घरी बसलेल्या शिकाऱ्याला हातात आपल्या ओळखीची वस्तू हवी असते, एवढेच.

माझ्या म्हणण्याची खरी कसोटी जिरार्दोनीच्या रायफलीपाशी लागते. बार्थोलोमेउस जिरार्दोनी या तिरोलमधल्या कारागिराची ही बंदूक १७८०च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात आली. नळीच्या बाजूला लांबट कोठीत वीसएक गोळ्या. एक सरकती पट्टी आडवी ढकलली की पुढची गोळी जागेवर. दारूची बंदूक ठासणारा सैनिक एक बार काढीपर्यंत हा कित्येक काढी. हवा दस्त्यात : दस्ता म्हणजेच चामड्याने मढवलेली शंकूसारखी लोखंडी टाकी. ती भरायला पंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत, आणि एका भरण्यात तीसएक चांगले बार होत. सैनिकाबरोबर जादा भरलेल्या टाक्या असत. संपली की पिळून काढायची, दुसरी बसवायची. इथे अक्रोडाचा दस्ता गेला, चांदी गेली, रंजकाची वाटी गेली. उरला तो फक्त घोडा, गारगोटीचा जबडा नसलेला, कारण त्याला काम होते. रणांगणावर कुणाला नवल दाखवायचे नसते, बरोबरीही करायची नसते. ज्याला जे काम तेवढेच राहिले. कळीतला राबणारा अर्धा कोणता आणि मिरवणारा अर्धा कोणता हे इतके स्वच्छ कोणत्याही ग्रंथाने सांगितलेले नाही.

ती बंदूक सैन्यात फार टिकली नाही. झडपांचे चामडे सुकायचे, टाक्या गळायच्या, शिपायाला वेगळे शिक्षण द्यावे लागायचे. १८१५पर्यंत तिचे दिवस संपले. पण तिचे, किंवा तिच्यासारखीचे, एक वेगळेच आयुष्य अमेरिकेत झाले. मेरिवेदर लुइस आणि विल्यम क्लार्क यांच्या १८०३ ते १८०६च्या मोहिमेत एक हवेची बंदूक होती. ती फिलाडेल्फियाच्या आयझाया ल्युकन्सची असे पूर्वी मानत, आता अभ्यासकांचा कल जिरार्दोनीच्या बाजूला आहे. वाटेत भेटणाऱ्या आदिवासी राष्ट्रांसमोर लुइस ती पुन्हा पुन्हा उडवून दाखवीत असे, याच्या नोंदी रोजनिशीत जागोजाग आहेत. जर्मन राजाच्या दालनातला खेळ इथे धाक म्हणून वापरला गेला. टाळी वाजवायची की घाबरायचे, हे दाखवणारा ठरवतो. याच लुइसच्या रोजनिशीच्या अगदी सुरुवातीला, १८०३च्या ऑगस्टअखेर, पिट्सबर्गजवळच्या बेटावर एका पाहुण्याच्या हातून ती चुकून उडाली आणि चाळीसेक यार्डांवरच्या एका बाईच्या डोक्याला गोळी चाटून गेली. बाई वाचली.

साम्य पाहणारा कोण आहे, हा प्रश्न आज जिवावर बेतलेला आहे. नोव्हेंबर २०१४मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात तमीर राइस हा बारा वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. प्लास्टिकच्या गोळ्या मारणारे, पण खऱ्या पिस्तुलाची हुबेहूब नक्कल. टोकाची नारिंगी खूण निघालेली. पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि दोनएक सेकंदांत त्याला गोळी घातली गेली. तो दुसऱ्या दिवशी गेला. ब्रिटनने २००६च्या कायद्याने खऱ्यासारख्या दिसणाऱ्या नकली बंदुकांच्या निर्मितीवर आणि विक्रीवर बंधने घातली. तिथे कायदा दिसण्याकडे पाहतो. आपल्या २०१६च्या शस्त्र नियमांत हवेच्या बंदुकीला परवाना लागतो की नाही हे तिच्या जोरावर आणि नळीच्या मापावर ठरते. तिथे कायदा पोटातल्या वाऱ्याकडे पाहतो. कोल्बेच्या गिऱ्हाइकाला जे साम्य प्रतिष्ठा म्हणून हवे होते, तेच साम्य तमीरच्या हातात आले तेव्हा पाहणाऱ्याने त्यातून एकच अर्थ काढला. वस्तूच्या आकाराला 'फसवा' म्हणून मोकळे होण्यातला धोका मला इथे दिसतो. त्या मुलाचे खेळणे फसवे होते असे म्हटले की पाहणाऱ्याच्या डोळ्यांविषयी बोलायचे राहूनच जाते.

संग्रहालयाच्या चिठ्ठीवर जागा थोडी असते, हे मला मान्य आहे. पाचपन्नास शब्दांत कारागीर, गाव, साल, लाकूड, धातू सगळे बसवायचे. तरी 'वेषांतर केलेली' हे दोन शब्द गाळून त्यांच्या जागी दुसरे काही लिहिता येईल. माझ्यापुरते मी असे लिहीन : 'हवेची शिकारी बंदूक, १७३५च्या सुमारास. हवा दोन नळ्यांच्या मध्ये, पंप दस्त्यात. घोडा पडतो तेव्हा झडप उघडते.' आणि अशाच दुसऱ्या एखाद्या बंदुकीवर रंजकाची निरुद्योगी वाटी असेल, तर चिठ्ठीच्या शेवटी आणखी एक ओळ : 'वाटी पाहुण्यांसाठी.'